एडिसनची चिठ्ठी आणि आमचा ओटा

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. या वेळी एका काकांनी खाली माझं नावही जोडलं. मजकूर साधारण असा : एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) हा शाळांनी आणि औषध कंपन्यांनी जन्माला घातलेला आजार आहे. गोळी म्हणजे नशा. मुलाला शाळेतून काढा, साखर बंद करा, घरी प्रेमाने शिकवा. सहा महिन्यांत मूल शांत. एडिसनच्या आईने हेच केलं.

एडीएचडी असलेल्या माझ्या मुलाला मी दोन वर्षं घरी शिकवलं, तेव्हा काकांना वाटलं मी हक्काची साक्षीदार. काका, साक्ष उलटी निघणार आहे.

आधी एडिसन. मास्तरांची अपमानाची चिठ्ठी, आईने ती ‘तुमचा मुलगा अलौकिक आहे’ अशी खोटीच वाचून दाखवणं, मग पुढे कपाटात खरी चिठ्ठी सापडणं, हे सगळं रचलेलं आहे. एडिसनने स्वतः सांगितलेली हकिगत वेगळीच. मास्तर आपल्याला बिनडोक म्हणताहेत हे त्याने स्वतःच ऐकलं, रडत घरी येऊन आईला सांगितलं, आणि आई तणतणत शाळेत भांडायला गेली. मला ही आई जास्त जवळची वाटते. शिवाय नॅन्सी एडिसन आधी शिक्षिका होत्या, हे मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही. मी सातपूरच्या एका कंपनीत हिशेब बघत होते.

आजार शाळेने निर्माण केला म्हणावं, तर निदानाचा नियमच आडवा येतो. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत. नुसती वर्गात दिसली तर डॉक्टर आधी दुसरं कारण शोधतात. लंडनच्या जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी अशा मुलांचं वर्णन १९०२ मध्ये केलं. त्यावरचं औषध, रिटालिन, बाजारात आलं १९५४ च्या सुमारास. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के निघतो. आमच्या सासूबाईंना हे आकडे ठाऊक नाहीत, पण याचा बाप जेवताना तीनदा पानावरून उठायचा, हे त्या कुणालाही सांगतात.

आता घराबद्दल. वर्ग सुटला, पण मेंदू तोच घरी आला. कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची हाक, वरच्या मजल्यावरचं ड्रिल. घरात कमी गडबड नसते. बारा मिनिटांचा गजर लावून, ओट्याशी उभं राहून तो गणितं करायचा, पाढे जिन्यावर चढत-उतरत म्हणायचा. हे वर्गात जमलं नसतं, तेवढं श्रेय घराला देते. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात त्याच्या हातात दोनशे रुपये द्यायचे आणि तीन भाज्या सांगायच्या. दोनच घेऊन यायचा. सुट्टे मात्र रुपयापर्यंत बरोबर. मग कळलं, गणित येतंय, यादी डोक्यात टिकत नाही. त्यानंतर यादी पेनाने हातावर.

पण शिकवणारी मी, रागावणारी मी आणि जेवायला वाढणारीही मीच. शाळेत बाईंवर रुसलेलं पोर घरी येऊन आईला सांगतं. आमच्याकडे सांगायला दुसरं माणूसच उरलं नाही. मित्रही गेले. सहा महिन्यांत शांत झालं असेल, तर ते आमचं बँकेचं खातं. माझा पगार थांबला होता.

गोळीचं म्हणाल, तर अमेरिकेत ५७९ मुलांवर १४ महिने झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नीट लक्ष ठेवून दिलेल्या औषधाने मूळ लक्षणं नुसत्या वर्तनोपचारापेक्षा जास्त कमी झाली. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र आधी पालकांनाच प्रशिक्षण द्या, असं तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. त्रास होतोच, भूक मरते. दुपारचं ताट तसंच राहतं आणि रात्री साडेनऊला पोळ्यांची मागणी येते. गोळीमुळे पुढे व्यसन लागण्याचा धोका वाढतो, असं मात्र अभ्यासांत दिसलेलं नाही.

साखरेचं एका प्रयोगात मिटतं. १९९४ मध्ये काही आयांना सांगितलं, मुलाला साखर दिलीय. दिली नव्हतीच. तरी त्यांना आपलं मूल जास्त वळवळताना दिसलं.

मेसेजखाली कुणीतरी लिहिलं, ‘मुक्त विद्यापीठ आपल्या नाशकातच आहे, काळजी कसली?’ अहो, ते विद्यापीठ आहे, चौथीतल्या पोराला तिथे काय मिळणार? शालेय शिक्षणासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, आणि तिच्या दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. शिक्षण हक्क कायद्याचं दहावं कलम मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतं. पालकांना शिक्षा मात्र सांगत नाही. घरी शिकण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीने दिला, तो तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही.

आम्हाला उपयोगी पडलं ते शिक्षण हक्क कायद्याचं चौथं कलम, वयाप्रमाणे वर्गात प्रवेश. जूनपासून तो सहावीत बसतो, पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब. ती जागा मी बाईंशी भांडून नाही, डॉक्टरांचं पत्र देऊन मागितली. हातावरची यादी अजून आहे.