‘दहा मिनिटांत शोरूमसारखी चमक’? जरा थांबा

स्पोर्ट्स कार घरच्या घरी धुण्याचा एक ‘रामबाण’ सल्ला सध्या या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. त्याचा सारांश असा: गाडीचे खास शॅम्पू म्हणजे निव्वळ लूट, भांड्यांचा साबण, एक बादली आणि एक स्पंज पुरे. स्पंज गोल न फिरवता सरळ फिरवा, चरे पडणार नाहीत. गाडी उन्हात धुवा, पटकन वाळेल. चाकं गरम असतानाच प्रेशर वॉशर अगदी जवळ धरून मारा, मळ सुटतो. शेवटी एक चक्कर मारा, वाऱ्यानेच गाडी कोरडी होते.

यातल्या बऱ्याच गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, आणि पंचाईत तीच आहे.

‘भांड्यांचा साबण पुरे’

आधी या साबणाची बाजू घेतो. ‘त्याने रंग उडतो’ अशी उलटी ओरडही ऐकू येते, तीही खरी नाही. हाताने भांडी घासायचे बहुतेक द्रवसाबण फारसे तीव्र नसतात. एखाद्या वेळी वापरलात तर रंगाला काही होत नाही. मात्र हा साबण बनवलाय तेलकटपणा काढण्यासाठी, आणि रंगावर चढवलेलं वॅक्सही त्याच्या दृष्टीने तेलकटपणाच. दर आठवड्याला हाच वापरलात तर वॅक्स उतरत जातं आणि पाण्याचे थेंब घरंगळून पडायच्या ऐवजी पत्र्यावर पसरून बसतात.

दुसरी उणीव जास्त महत्त्वाची आहे. गाडीच्या शॅम्पूत बुळबुळीतपणा मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणजे हात फिरवताना धुळीचा कण रंगावर रुतायच्या ऐवजी घसरून निघतो. भांड्यांच्या साबणात तो पुरेसा नसतो. ताटावर बारीक चरा पडला तर कोण बघतंय!

‘एक बादली, एक स्पंज’

खरं नुकसान इथे होतं, म्हणून इथे थोडं थांबू. आपण ज्याला रंग म्हणतो त्याच्यावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. कठीणता मोजायच्या 1 ते 10 च्या मोहस मापनपट्टीवर क्वार्ट्झ 7 वर आहे, क्लिअर कोट त्याच्यापुढे फारच मऊ. आता सपाट स्पंज कोरड्या धुळीवर ठेवून एकदा ओढा. कण आत शिरायला जागा नाही, तो स्पंज आणि रंग यांच्यात अडकून पार दुसऱ्या टोकापर्यंत फरफटत जातो. मग तोच स्पंज त्याच बादलीत बुडवला की कचकच पाण्यात उतरते आणि पुढच्या खेपेला पुन्हा वर येते. तिसऱ्या-चौथ्या बुडीनंतर तुमच्या हातात स्पंज उरत नाही, पॉलिशपेपर असतो.

हे चरे पॉलिश करून काढता येतात, हे खरं. पण पॉलिश करणं म्हणजे क्लिअर कोटच थोडा घासून कमी करणं. थर मुळातच पातळ, त्यामुळे ही चैन मोजक्याच वेळा परवडते.

म्हणून हात लावण्याआधी जितकी धूळ जाईल तितकी घालवायची. आधी सगळ्या गाडीवर नुसतं पाणी. मग फोमचा फवारा, तो चार-पाच मिनिटं तसाच राहू द्या, पण वाळू देऊ नका. फोम खाली ओघळताना सोबत किती मळ घेऊन उतरतो ते दाराच्या खालच्या कडेला बघा, पांढऱ्या फेसाचं तिथे राखाडी पाणी झालेलं दिसेल. ते परत पाण्याने उडवा. त्यानंतरच मायक्रोफायबरचा हातमोजा आणि दोन बादल्या, एकीत शॅम्पू आणि दुसरीत नुसतं पाणी. एक भाग पुसला की मोजा आधी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा आणि मगच शॅम्पूत बुडवायचा. तळाशी जाळी ठेवली तर खाली बसलेली कचकच पुन्हा मोज्याला लागत नाही. सुरुवात टपापासून, मग काचा, बोनेट, दारांचा वरचा भाग. स्पोर्ट्स कार जमिनीला टेकल्यासारखी बसते, त्यामुळे पुढच्या बंपरचा ओठ आणि दारांखालची पट्टी सगळ्यात बरबटलेली असते. ती शेवटी, आणि शक्यतो वेगळ्या मोज्याने. चाकांचा मोजा आणि बादली तर वेगळीच हवी, ब्रेकची काळी भुकटी रंगावर नको.

मोजा हातातून जमिनीवर पडला? नीट धुवून होईपर्यंत तो गाडीला लावायचा नाही. दुसरा घ्या.

‘सरळ हात फिरवला की चरे पडत नाहीत’

उन्हात काळ्या गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात. त्या गोल दिसतात म्हणून हातही गोल फिरला असणार, असा हा तर्क. प्रत्यक्षात चरे वाट्टेल त्या दिशांना असतात. त्यांतले जे प्रकाशाच्या बिंदूभोवती आडवे येतात, तेवढेच चमकून डोळ्यांपर्यंत पोहोचतात आणि वर्तुळाचा भास होतो. मोबाइलचा दिवा बोनेटवर सरकवून बघा, ‘वर्तुळं’ दिव्याबरोबर सरकतात. कण अडकलेला असेल तर सरळ हातानेही चराच पडेल, फक्त सरळ. तरी सरळ हात फिरवायला हरकत नाही, दाब मात्र नको. मोज्याचं स्वतःचं वजन पुरे.

‘उन्हात धुवा, लवकर वाळते’

वाळते, तोच तर घोटाळा आहे. पाणी उडून जातं आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतात. ते बरेच दिवस राहिले तर नुसत्या शॅम्पूने निघत नाहीत. सावली, थंड झालेलं बोनेट, एवढंच हवं.

‘चाकं गरम असताना, प्रेशर वॉशर जवळून’

ट्रॅकवरून किंवा जोरात चालवून आल्यावर ब्रेक डिस्क भयंकर तापलेली असते. तिच्यावर एकदम गार पाणी पडलं की धातूवर ताण येतो, डिस्क वाकू शकते, तडा जाऊ शकतो. शिवाय क्लीनर गरम रिमवर लगेच वाळतं आणि डाग सोडतं. हात धरवेल इतकी चाकं निवू द्या. मग लोहकण विरघळवणारं क्लीनर मारलंत तर ते ब्रेकच्या भुकटीशी लागून जांभळं होतं. तो रंग बघून घाबरू नका, औषध काम करतंय. डिस्क कार्बन-सिरॅमिकच्या असतील तर मात्र कुठलंही क्लीनर त्यांच्यावर उडवण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा.

प्रेशर वॉशरला माझा विरोध नाही, उलट कचकच न घासता घालवायला त्याच्यासारखं साधन नाही. पण 40 अंशांचं पंख्यासारखं पसरणारं नोझल लावा (बहुतेक वॉशरवर ते पांढऱ्या रंगाचं असतं) आणि फूटभर तरी लांब राहा. लाल, म्हणजे शून्य अंशांचं नोझल गाडीच्या आसपासही आणू नका. दगडाने उडालेल्या टवक्याच्या कडेला किंवा पीपीएफच्या (रंग जपायला चिकटवलेल्या पारदर्शक फिल्मच्या) कडेला जवळून धार लागली तर ती कड उचलली जाते. इंजिन मागे किंवा मध्ये असलेल्या गाड्यांत हवा आत-बाहेर जायच्या जाळ्या वरच्या बाजूला असतात. पोर्शे 911 च्या मागच्या झाकणावरची जाळीच बघा. तिथे धार रोखायची नाही, लांबून हलकं पाणी पुरे. कापडी टप असेल तर शिवणींपासून दूर राहा आणि पाण्याचा निचरा करणारी भोकं पानांनी तुंबलेली नाहीत ना, ते पाहा.

मॅट रंगाची गाडी असेल तर वॅक्स किंवा चकाकी देणारा शॅम्पू चुकूनही नको. चमकलेला डाग परत मॅट करता येत नाही.

‘चक्कर मारा, आपोआप वाळते’

आरशांच्या खोबणीत आणि दिव्यांच्या फटींत साचलेलं पाणी वेग आला की बाहेर येतं आणि दारांवर ओघळ उमटतात. ओल्या पत्र्यावर नवी धूळ चिकटते ती वेगळीच. त्यापेक्षा हवेच्या ब्लोअरने फटी मोकळ्या करा आणि जाड मायक्रोफायबरचा टॉवेल पसरून पाणी नुसतं टिपून घ्या, घासू नका.

चक्कर मारायचीच, पण ती पुसून झाल्यावर आणि ब्रेकसाठी. ओल्या कास्ट आयर्नच्या डिस्कवर काही तासांतच गंजाचा तांबूस पापुद्रा येतो. हळू वेगात चार-सहा वेळा हलकेच ब्रेक दाबले की डिस्क कोरड्या होतात. पहिल्या एक-दोन दाबांना ब्रेक नेहमीसारखा लागत नाही, म्हणून समोर मोकळा रस्ता असेल तेव्हाच हे करा. गाडी धुतल्यावर लगेच हँडब्रेक ओढून दोन दिवस उभी करू नका, पॅड डिस्कला चिकटून बसतात.