‘पॅनेल सगळ्यांचं एकच’ म्हणे!

सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि आमच्या नात्यागोत्यात ‘मोठा टीव्ही’ हा विषय कांद्याच्या भावाइतक्या नेमाने निघू लागला. त्यातच ओएलईडी टीव्हीबद्दल, म्हणजे ज्याच्या पॅनेलमधला (आतल्या मूळ पडद्यातला) प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो त्या टीव्हीबद्दल, एक मजकूर फिरायला लागला. मला तो चार वेगवेगळ्या ग्रुपांवर आला. एकदा तर ज्याला मीच टीव्ही निवडून दिला होता, त्या मेहुण्याने पाठवला, वर ‘बघ’ असं लिहून. मजकूर थोडक्यात असा :

“६५-७७ इंची ओएलईडी घेताना फार डोकं लावू नका. पॅनेल सगळ्यांचं एलजीचंच असतं. पॅनेल एक म्हणजे चित्र एक, वरचे पैसे लोगोचे. फरक बघायचाच तर निट्स बघा, जास्त निट्सवाला भारी. फीचर्स सगळ्यांत तीच. आणि ओएलईडी दोन वर्षांत जळतोच, तेव्हा सगळ्यात स्वस्त असेल तो उचला.”

वाचायला छान, आणि शेवट खिशाला सोयीचा. पण लाखांच्या घरातला सौदा असल्या मजकुरावर कुणी करू नये, म्हणून एकेक वाक्य घेतो.

“पॅनेल सगळ्यांचं एलजीचंच.”

२०२१ पर्यंत हे खरं होतं. मोठ्या टीव्हीचं ओएलईडी पॅनेल व्यवहारात एकटी एलजी डिस्प्ले बनवायची आणि सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स सगळे तिच्याकडूनच घ्यायचे. २०२२ मध्ये सॅमसंग डिस्प्लेचं क्यूडी-ओएलईडी आलं, सॅमसंगच्या एस९५बी आणि सोनीच्या ए९५के या मॉडेलांत. तेव्हापासून ओएलईडीची दोन घराणी झाली.

एलजीच्या घराण्यात प्रत्येक ठिपका मुळात पांढरा प्रकाश देतो. त्यापुढे लाल, हिरव्या, निळ्या रंगाची गाळणी असते आणि उजेड वाढवायला चौथा, बिनगाळणीचा पांढरा उपठिपका. सॅमसंगच्या घराण्यात मूळ प्रकाश निळा. तो क्वांटम डॉट्सच्या, म्हणजे रंग बदलून देणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या, थरावर पडला की लाल आणि हिरवा तयार होतो. गाळणी नाही, पांढऱ्याची भेसळ नाही. हा फरक नुसता कागदावरचा नाही. अंधारात पेटलेला आकाशकंदील बघा. जिथे केशरी सगळ्यात झगझगीत आहे, तिथे पहिल्या घराण्यातले जुने संच पांढरा उपठिपका मदतीला घेतात आणि केशरीचं पिवळट-पांढरं होतं. क्यूडीवर तो केशरीच राहतो.

मग क्यूडीच घ्यावा का? थांबा. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात दोन्ही घराणी शेजारी-शेजारी लावलेली होती. क्यूडीवरचा काळा मला वांग्याच्या सालीसारखा दिसत होता, जांभळट. शेजारच्याचा स्वच्छ काळा. दुकानातल्या मुलाला म्हटलं, जरा वरचे दिवे घालव. त्याने कुरकुरत दोन पट्ट्या बंद केल्या आणि जांभळट झाक जवळजवळ गेली. कारण साधं आहे. क्यूडीच्या पडद्यावर पोलरायझरचा, म्हणजे बाहेरचा उजेड शोषून घेणारा, थर नसतो, त्यामुळे खोलीतला उजेड पडदाच परत फेकतो. रात्री दिवे मंद करून बघणाऱ्याला याचा काही त्रास नाही. ज्यांच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर गॅलरीचं दार आहे आणि दुपारची मालिका चुकत नाही, त्यांना रोजचा आहे. २०२४ च्या एस९५डी पासून सॅमसंगने वरच्या मालिकेत मॅट पडदा दिला. त्याने दार-खिडकीचं आरशासारखं प्रतिबिंब मोडतं, पण उजेडातला काळा काही परत येत नाही.

गंमत अशी की ‘एलजीचंच’ या वाक्यात थोडं तथ्यही आहे. सॅमसंगचा ८३ इंची ओएलईडी घेतलात तर आतलं पॅनेल एलजी डिस्प्लेचंच असतं, कारण सॅमसंग त्या मापाचं क्यूडी बनवत नाही. म्हणजे एकाच मालिकेच्या नावाखाली ७७ इंचात एक घराणं आणि ८३ इंचात दुसरं. आणि खुद्द एलजीचे सगळे टीव्ही तरी कुठे सारखे? २०२५ च्या जी५ मध्ये प्रकाश देणाऱ्या थरांची नवी चार मजली रचना आली आणि वर सांगितलेला पांढरटपणा बराच कमी झाला. त्याच वर्षीच्या सी५ मध्ये ती नाही. कंपनी एक, साल एक, पॅनेल वेगळं.

“पॅनेल एक म्हणजे चित्र एक.”

सगळ्यात जास्त लोकांना पटणारं वाक्य हे, आणि सगळ्यात चुकीचंही हेच. तांदूळ एकच असला म्हणून सगळ्यांच्या घरचा भात सारखा होत नाही.

हिशेब करू. आपल्याकडे अजून कित्येक घरांत डीटीएचवर साध्या, म्हणजे एसडी वाहिन्या लागतात. एसडी चित्रात ठिपके किती? ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२०. फोरके पडद्यावर ठिपके ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००. भागाकार बरोबर वीस येतो. म्हणजे सासूबाई जी मालिका बघतात, तिच्या वीस ठिपक्यांतले एकोणीस टीव्हीने स्वतःच्या अंदाजाने भरलेले असतात. हा अंदाज कोण करतं? पॅनेल नाही, आतला प्रोसेसर. साडीच्या काठावर मुंग्या चालल्यासारखं दिसणार की काठ काठासारखा दिसणार, हे तिथे ठरतं. सोनीचे जादा पैसे जे काही आहेत ते मुख्यतः या कामाचे. मी स्वतः प्रत्येकाला ते द्यायला सांगत नाही. घरात सगळं नेटफ्लिक्स आणि ब्लू-रेवरचं चांगलं फोरके चालत असेल तर प्रोसेसरला फारसं कामच उरत नाही. पण डीटीएचवाल्या घरात ते नुसते लोगोचे पैसे नाहीत.

दुसरी गोष्ट हालचालीची. ओएलईडीचा ठिपका एका मिलिसेकंदाच्याही आत रंग बदलतो, आणि जाहिरातीत हा गुण म्हणून सांगतात. खेळ बघताना, गेम खेळताना तो गुणच आहे. सिनेमात मात्र सेकंदाला २४ चित्रं असतात. प्रत्येक चित्र सुमारे ४२ मिलिसेकंद पडद्यावर खिळून राहतं आणि मग पुढचं झटक्यात येतं. कड्यावरून संथ सरकणारा ड्रोनचा शॉट आला की डोंगराची कड टप-टप-टप करत पुढे जाते. जुन्या एलसीडीवर ठिपके आळशी असल्यामुळे ही टपटप पुसट होऊन झाकली जायची. नवा टीव्ही घरी आल्यावर “सिनेमा अडखळतोय, बॉक्स खराब आहे का?” असा जो फोन येतो, तो याचा. मधली चित्रं रचून ती भरायची सोय सगळ्यांत आहे. पण एकात सिनेमा सिनेमाच राहतो आणि दुसऱ्यात नायकाच्या कानाभोवती पाण्याचं वलय उठतं. एलजीच्या सेटिंगमध्ये ‘सिनेमॅटिक मूव्हमेंट’ नावाचा सौम्य पर्याय आहे, तो मला पुरतो. दुकानातला ‘व्हिव्हिड’ मोड तसाच ठेवणाऱ्यांशी मी या विषयावर बोलत नाही.

“जास्त निट्सवाला भारी.”

निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप. प्रश्न एवढाच की पडद्याच्या किती भागावर मोजलं? २०२५ च्या चार मजली पॅनेलसाठी एलजी डिस्प्लेने ४००० निट्सचा आकडा जाहीर केला. तो कमाल क्षमतेचा. तेच पॅनेल असलेला जी५ स्वतंत्रपणे मोजणाऱ्यांनी पडद्याच्या १० टक्के भागावर पांढरा चौकोन दाखवून मोजला तेव्हा आकडा सव्वादोन हजारांच्या आसपास आला, आणि अख्खा पडदा पांढरा केल्यावर साडेतीनशे-चारशेच्या घरात. यात कुणी खोटं बोलत नाही. सगळे ठिपके एकदम पूर्ण ताकदीने पेटवले तर वीज आणि उष्णता झेपणार नाही, म्हणून प्रत्येक ओएलईडी चित्र जितकं पांढरं तितका हात आखडता घेतो. बर्फावरच्या स्कीइंगमध्ये हा फरक कळतो, रात्रीच्या रस्त्यावरच्या दिव्यांत कळत नाही.

शिवाय डोळा सरळ हिशेब करत नाही. निट्स दुप्पट झाले म्हणून उजेड दुप्पट वाटत नाही. एचडीआरची, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्राची, पट्टी ० ते १०,००० निट्सची, पण ती डोळ्याच्या स्वभावाप्रमाणे आखलेली आहे. पट्टीचा जवळजवळ निम्मा भाग पहिल्या १०० निट्समध्येच संपतो आणि १००० निट्सला तुम्ही पाऊण पट्टी ओलांडलेली असते. म्हणजे चेहरे, कपडे, भिंती, सावल्या सगळं खालच्या निम्म्यात. वरच्या पाव भागात सूर्य, ठिणग्या आणि भांड्यावरची चमक. त्या चमकेसाठी एक पायरी वर चढून किती मोजायचे, ते ज्याचं त्याने बघावं.

इथे मी मजकूरवाल्याच्या बाजूनेही थोडं बोलतो. बजेट ठरलेलं असेल तर ६५ इंची महागड्या मालिकेपेक्षा ७७ इंची मधली मालिका घ्या, असंच मी सांगतो. ७७ चं क्षेत्रफळ ६५ पेक्षा ४० टक्के जास्त आहे. सोफा दहा फुटांवर असेल तर ६५ इंची पडदा नजरेचा २७ अंशांचा भाग व्यापतो आणि ७७ इंची ३१ अंशांचा. बसून बघा, हा फरक कुणालाही न सांगता कळतो. दोन हजार आणि एक हजार निट्समधला सांगावा लागतो. पण आधी मोजपट्टी घेऊन भिंत मोजा. ७७ इंची टीव्ही १७० सेंटिमीटरहून जरा जास्तच रुंद असतो आणि आपल्याकडच्या शोकेसच्या खणात तो जात नाही.

“फीचर्स सगळ्यांत तीच.”

नाहीत. सॅमसंगच्या एकाही टीव्हीत डॉल्बी व्हिजन नाही, एचडीआर१०+ आहे (दोन्ही एचडीआरचेच प्रकार). एलजी आणि सोनीमध्ये उलटं. पॅनासॉनिक दोन्ही देतो. यावरून भांडणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते हजारावर निट्स देणाऱ्या संचात तो फरक शोधून काढावा लागतो. एचडीएमआयचा फरक मात्र शोधावा लागत नाही, टोचतोच. एलजीच्या सी आणि जी मालिकांत आणि सॅमसंगच्या वरच्या मालिकांत चारही एचडीएमआय पूर्ण वेगाची. सोनीत दोनच, आणि साउंडबारला आवाज पोचवणारं ईएआरसीही त्यातलंच एक. घरात साउंडबार आणि दोन गेमिंग कन्सोल असतील तर सोनीच्या मागे हात घालून वायरी बदलत बसावं लागतं. उलट सोनीच्या ओएलईडीत अख्खा पडदाच कंप पावून आवाज देतो, त्यामुळे संवाद बोलणाऱ्याच्या तोंडातूनच आल्यासारखा वाटतो. साउंडबार घ्यायचाच नसेल तर याला मी बरेच गुण देईन.

“दोन वर्षांत जळतोच.”

ओएलईडीवर डाग पडतो हे खोटं नाही. ठिपक्यातलं द्रव्य सेंद्रिय असतं आणि ते वापराने, विशेषतः झगझगीत वापराने, झिजतं. सगळा पडदा सारखा झिजला तर डोळ्याला कळत नाही. एकच कोपरा जास्त झिजला की तिथे भूत उमटतं. टीव्हींच्या चाचण्या घेणाऱ्या माँट्रियलच्या आर्टिंग्ज या संकेतस्थळाने २०१८ मध्ये एलजीचे सहा सारखे संच दिवसाला वीस तास चालवून बघितले. सगळ्यात वाईट हाल झाले ते पूर्ण उजेडावर वृत्तवाहिनी लावून ठेवलेल्या संचाचे. व्हिडिओ गेम चालवलेल्या एका संचावर नजरेत भरावं असं काही नव्हतं. पुढे त्यांनी शंभर टीव्हींची लांब पल्ल्याची चाचणी घेतली, तेव्हा कडेने प्रकाश देणाऱ्या कित्येक एलईडी संचांनीही मान टाकली. त्या जळण्याचे फॉरवर्ड कुणी पाठवत नाही.

म्हणून प्रश्न ‘किती वर्षं’ हा नाही, ‘काय बघता’ हा आहे. घरात सकाळी सातपासून मराठी बातम्या चालू असतील, खाली तीच लाल पट्टी, कोपऱ्यात तोच लोगो, आणि उजेड शंभरावर, तर ओएलईडी घेऊच नका. मिनी-एलईडी (मागून बारीक-बारीक दिव्यांनी उजळणारा एलसीडी) घ्या, सुखी राहाल. दिवसाला चार तास, तेही कधी सिनेमा, कधी क्रिकेट, असा वापर असेल तर मला काळजी वाटत नाही.

आता एक गोष्ट, जी कुठल्याच फॉरवर्डमध्ये नाही. ओएलईडी एकूण चारेक तास चालला की रिमोटने बंद केल्यावर तो झोपत नाही. आतल्या आत ठिपके तपासतो, कोण किती थकलंय त्याप्रमाणे वीज कमी-जास्त करतो, आणि काही मिनिटांनी आतून ‘टक्’ असा आवाज करून थांबतो. पण त्यासाठी वीज चालू लागते. आपल्याकडे रात्री रिमोटने टीव्ही बंद केला की लगेच भिंतीवरचं बटण बंद करायची पद्धत. वळवाच्या विजा कडाडत असतील तर ते शहाणपणाचंच. रोज केलं तर टीव्हीची दुरुस्ती दर वेळी अर्ध्यावर तुटते, आणि मग दोन वर्षांनी आपणच म्हणतो, बघा, जळला.

मेहुण्याला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याने त्या बटणावर पांढरी चिकटपट्टी लावून वर पेनाने ‘बंद करू नये’ असं लिहिलं. सासूबाई रोज रात्री देवाजवळचा दिवा बघून येतात आणि चिकटपट्टीसकट बटण दाबतात.