एक स्टार देणाऱ्या दादांना आमच्या गॅरेजचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला, घरी जाऊन परत वाचला. तुम्ही लिहिलंय की व्हिडिओमध्ये दोन तासात बसणारं नायट्रस प्लेट किट (इंजिनला जास्त दम यावा म्हणून नायट्रस ऑक्साइड गॅस सोडणारी सिस्टीम) आम्ही अकरा दिवस घेऊन बसलो, ७५ चा शॉट (म्हणजे ७५ हॉर्सपॉवरची वाढ) मागितला तर ३५ चाच दिला, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घेऊन गाडी मारून टाकली, आयडलला (उभ्या गाडीत, रेस न देता) गाडी वरखाली होते, आणि शेवटी नायट्रसची बाटली गाडीतून काढून हातात दिली. सगळ्यावर बोलतो. यातली एक तक्रार पूर्ण खरी आहे आणि एक अर्धी, त्या मान्य. पण बाकीचं वाचून उद्या एखादा पोरगा घरीच हे बसवायला बसला तर त्याचं इंजिन जाईल, म्हणून जरा लांब लिहितोय.

आधी आमची चूक. प्लेट थ्रॉटल बॉडी (हवेची झडप) आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारा पाइप) यांच्या मध्ये बसते, म्हणजे एका गॅस्केटच्या जागी दोन येतात आणि स्टड लांब लागतात. ते आम्ही नाना पेठेतून आणले, पण तुम्ही वर्णन केलंय तसं आयडल हंटिंग होतंय म्हणजे एका गॅस्केटमधून हवा ओढतेय, शंभर टक्के. गाडी तुमच्या ताब्यात देताना इंजिन गरम होतं तेव्हा आयडल बरोबर होतं, सकाळी थंड इंजिनवर आम्ही परत चेक केलं नाही. करायला पाहिजे होतं. याचे पैसे लागणार नाहीत.

आता अकरा दिवस. किट तुम्ही सेकंडहँड आणलं होतं, त्यावर माझं काही म्हणणं नाही, बरेच जण आणतात. प्लेट बरोबर होती पण तिच्यासोबतचं फ्युएल सोलेनॉइड (पेट्रोल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) आणि जेट (किती जाईल ते ठरवणारं मापाचं भोक) कार्ब्युरेटरच्या किटमधले होते. कार्ब्युरेटरला पेट्रोल ५ ते ७ पीएसआय प्रेशरने जातं, तुमच्या गाडीच्या रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवर) ३ बार म्हणजे साधारण ४३ पीएसआय असतं. तोच जेट तिथे लावला तर अडीच-पावणेतीन पट पेट्रोल जाणार, प्लग भिजणार, आणि कमी प्रेशरसाठी बनवलेलं सोलेनॉइड त्या प्रेशरला एक तर उघडत नाही नाहीतर गळतं. गळलं की बाटली बंद असतानाही मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल टपकत राहणार, आणि सकाळी चावी फिरवल्यावर काय होईल ते मला लिहायचंसुद्धा नाही. नवीन सोलेनॉइड आणि जेट यायला पाच दिवस गेले, मध्ये सुट्टीचा एक गुरुवार गेला.

त्यानंतर आम्ही फ्युएल लाइन इंजिनपासून लांब घेऊन मापाच्या ग्लासात दहा सेकंद सोडून बघितली. हे आम्ही प्रत्येक किटला करतो, आणि ग्लासात पेट्रोल कमी पडलं. परत केलं, परत कमी. जेट खोलला तर त्याच्या तोंडाशी पांढऱ्या टेपचा तुकडा अडकलेला, तांदळाच्या दाण्याच्या निम्मा असेल. प्लंबर नळाला गुंडाळतात ती टेप कुणीतरी आधी जुन्या निपलवर (लाइनच्या जोडावर) गुंडाळली होती. आता विचार करा दादा, नायट्रस पूर्ण जातोय आणि पेट्रोल अडकलंय. नायट्रसमध्ये वजनाने ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत २३, तेवढ्या ऑक्सिजनला पेट्रोल मिळालं नाही तर पिस्टनची कड वितळते, आणि ते व्हायला दोन-तीन सेकंदसुद्धा पुरतात. मग सगळे निपल काढले, लाइन धुतल्या, लिक्विड सीलंट लावून परत बसवले. तो तुकडा मी छोट्या डबीत ठेवलाय, आलात की दाखवतो. पण या सगळ्यात तुम्हाला एक फोन करून सांगायला पाहिजे होतं, ते आमच्याकडून राहिलं, तुम्ही वाट बघत बसलात, त्याबद्दल खरंच सॉरी.

३५ चा शॉट. प्लेट वेट आहे, म्हणजे तिचं पेट्रोल ती तुमच्याच रेलमधून घेते, आणि त्याच वेळी इंजेक्टरही घेत असतात. आम्ही रेलवर गेज लावून फुल थ्रॉटलला बघितलं, तुमचा जुना पंप ३ बारवरून २.४ वर येतो, तेही फक्त ३५ च्या जेटवर. ७५ घातला असता तर अजून खाली गेला असता. तेव्हा मी तुम्हाला समोर उभं करून गेज दाखवलं होतं आणि पंप बदलू म्हणलो होतो, तुम्ही म्हणालात आत्ता बजेट नाही. ठीक आहे, बजेट सगळ्यांचंच असतं, पण मग ७५ मी नाही घालणार, तुम्ही दुप्पट पैसे दिले तरी नाही. प्रेशर पडलं की नायट्रस आपोआप तोडणारा स्विच लावलाय, तो कुणाच्या सांगण्यावरून काढू नका, हात जोडून सांगतो.

तसाच आरपीएमचा विंडो स्विच. ३५०० च्या खाली सिस्टीम चालू होणार नाही, कारण इंजेक्शनच्या गाडीचा मॅनिफोल्ड नुसती हवा वाहायला बनवलेला असतो, कमी आरपीएमला प्लेटमधलं पेट्रोल त्याच्या तळाशी साचतं आणि एक ठिणगी मागे आली की मॅनिफोल्डच फुटतो. आणि ६२०० ला बंद होते कारण लिमिटर (आरपीएमची कमाल मर्यादा) लागला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर बंद करतो पण नायट्रस जात राहतो. तुम्हाला वाटलं मध्येच दम सोडते, ती सोडत नाही, आम्ही सोडायला लावलीय.

टायमिंगची तक्रार अर्धी खरी आहे. तुमच्या गाडीला डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा) आहे, तो दोन डिग्री मागे फिरवलाय, म्हणून बाटली बंद असताना गाडी थोडी जड वाटणार. वाटते, मीही चालवून बघितलीय, आणि हे आधी नीट समजावून सांगायचं काम माझं होतं. पण नायट्रसने जळण लवकर होतं, टायमिंग तसंच ठेवलं तर पिस्टन वर येत असतानाच दाब बसतो. तुमचे जुने प्लग काढले तेव्हा त्यांच्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे बारीक काळे ठिपके होते, म्हणजे नायट्रस लागायच्या आधीच इंजिन नॉक करत होतं (आत पेट्रोल अवेळी भडकत होतं). म्हणून एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारे) प्लग टाकले, गॅप १.१ मिमीवरून ०.८ केला, आणि पेट्रोल ९५ च्या खालचं टाकू नका म्हणून सांगितलं. पुण्यात काही पंपांवर १०० ऑक्टेनही मिळतं, ड्रॅग रेसच्या दिवशी तेच टाका.

राहिली बाटली. आम्ही जेटचं माप ठरवलं ते बाटलीचं प्रेशर ९५० पीएसआय धरून. आता एप्रिल चालू आहे, गाडी उघड्या पार्किंगमध्ये राहिली की डिकी किती तापते तुम्हाला माहितीये, आणि ३६ डिग्रीच्या वर गेल्यावर नायट्रस द्रव राहतच नाही, प्रेशर भराभर चढतं. चढलेल्या प्रेशरने नायट्रस जास्त जातो, पेट्रोल तेवढंच, म्हणजे परत लीन (ऑक्सिजनच्या मानाने पेट्रोल कमी). म्हणून बाटली घरात सावलीत ठेवा, ट्रॅकवर नेताना बसवा, गेज बघा, जास्त असेल तर ओलं पोतं गुंडाळून थांबा. लेबल वर आणि व्हॉल्व्ह पुढच्या बाजूला, आतली नळी त्याच हिशोबाने असते.

आणि दुसरं कारण स्पष्टच लिहितो. तुम्ही म्हणाला होतात बायपासला रात्री एक रन मारून बघतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असले बदल रस्त्यावर चालत नाहीत हे एक, पण मी कायद्याच्या आधी त्याच बायपासवरचा नवले पुलाचा उतार बघतो. तिथून मी रोज येतो, तिथे ट्रकचे ब्रेक गेलेले मी डोळ्यांनी बघितलेत. हे काम मी फक्त धावपट्टीवर आणि ट्रॅकवर पळवणाऱ्यांसाठी करतो, ते बिलावरही लिहिलंय.

गाडी भोसरीच्या शेडला आणा, गुरुवार सोडून कधीही, सकाळी लवकर आणा म्हणजे थंड इंजिनवर आयडल बघता येईल, शक्यतो आदल्या रात्री सोडून गेलात तर अजून बरं. गॅस्केट आमच्याकडून. पंपाचं जमेल तेव्हा बघू, त्या दिवशी गेज लावून परत मोजू आणि आकडा बसला तर मोठा जेट तुमच्यासमोर टाकतो, त्याची मजुरी घेणार नाही.