कुत्रा उठत नाही आणि तुम्ही तेल गरम करताय?

मागचे पाय लुळे पडलेल्या कुत्र्याला घरच्या घरी कसं उभं करायचं, हे सांगणारा एक मजकूर मोबाइलवर जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: पहिल्या दिवसापासून चालवा, नाहीतर पाय कायमचे जातील. बोट चिमटल्यावर पाय मागे घेतला तर नसा शाबूत आहेत, व्हेटकडे जायची गरज नाही. दुखत असेल तर आपलीच अर्धी गोळी द्या. कोमट तेलाने जोरात मालिश करा. चाकाची गाडी लावू नका, कुत्रा आळशी होतो. 21 दिवसांत उठला नाही तर नाद सोडा.

लिहिणाऱ्याची कळकळ खरी असेल. पण कुत्रा का उठत नाही, हा प्रश्न त्याने कुठेही विचारलेला नाही, आणि बाकी सगळं त्या उत्तरावर अवलंबून आहे.

‘पहिल्या दिवसापासून चालवा’ हेच घ्या. मणक्यांमधली गादी सरकली असेल (डॅक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या, आखूड पायांच्या जातींत हे सर्रास होतं) आणि ऑपरेशन न करता उपचार चालू असतील, तर साधारण चार आठवडे हालचालीवर कडक बंधन लागतं. पिंजरा किंवा छोटं कुंपण, आणि शी-शूसाठी पट्ट्याने बाहेर, बस. या काळात फिरवलंत तर सरकलेली गादी मज्जारज्जूवर आणखी दाबली जाऊ शकते. उलट खेळताना एकदम ओरडून कोसळलेला, पण दुसऱ्या दिवशी पाठ दाबली तरी कुरकुर न करणारा कुत्रा बहुधा वेगळ्या आजाराचा असतो: कूर्चेचा कण रक्तवाहिनीत अडकून मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटलेला. त्याला व्यायाम लवकर सुरू केलेला चांगला. म्हाताऱ्या, सांधे झिजलेल्या कुत्र्याला महिनाभर बसवून ठेवणं म्हणजे उरलेले स्नायूही घालवणं. त्याला दिवसातून तीन-चार छोट्या, सावकाश फेऱ्या हव्यात. तीन कुत्री, तिघांचेही मागचे पाय अडलेले, आणि एकाचा उपचार दुसऱ्याला अपाय. बाहेरून बघून यातला फरक तुम्हा-आम्हाला सांगता येत नाही. मजकूर लिहिणाऱ्यालाही नाही.

चिमट्याची ‘टेस्ट’ मला सगळ्यात घातक वाटते, कारण ती पटते. बोट दाबलं, पाय मागे गेला, घरात आनंदीआनंद. पण पाय मागे घेणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. इजेच्या खालचा मज्जारज्जू ती मेंदूला न विचारता करतो. मेंदूपर्यंत संदेश तुटलेला कुत्राही झटक्यात पाय ओढतो, आणि ते करताना त्याची नजर तुमच्या हातातल्या बिस्किटावरून हलत नाही. बघायचं असतं तोंडाकडे. त्याने मान वळवली का? कण्हला, चावायला आला का? व्हेट चिमट्याने बोटाच्या हाडापर्यंत दाब देऊन हेच बघतात, कारण पुढचं बरंच काही त्यावर ठरतं. गादी सरकलेल्या कुत्र्यात ही खोल वेदना शिल्लक असेल तर ऑपरेशननंतर दहातले नऊ किंवा त्याहून जास्त पुन्हा चालतात. ती गेली असेल तर निम्म्याच्या आसपास. ‘पाय ओढला म्हणजे ठीक आहे’ म्हणून थांबण्यात हातची वेळ जाते.

आपली गोळी? नको. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अर्धी देऊन धोका अर्धा होत नाही. त्यात व्हेटने स्टेरॉइड दिलेलं असेल तर दोन्ही मिळून आतडं फाटेपर्यंत वेळ येऊ शकते. आधीच दिली असेल तर लपवू नका, नाव आणि वेळ सांगा.

मालिश वाईट नाही, ‘जोरात’ वाईट आहे. हलक्या हाताने स्नायू सैल होतात, पण सुकलेला स्नायू चोळून परत येत नाही. त्यासाठी त्याच्यावर वजन पडावं लागतं. व्हेटने परवानगी दिल्यावर टॉवेल लांबट घडी करून पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घ्या (नर असेल तर शूची जागा मोकळी सोडून) आणि घसरणार नाही अशा चटईवर त्याला उभं करा. इथे बहुतेक जण उत्साहात इतकं उचलतात की पाय हवेत लोंबतात. पंजे टेकलेले हवेत, उलटा दुमडलेला पंजा हाताने सरळ ठेवायचा आणि टॉवेल हळूहळू ढिला करत थोडा भार त्याच्यावर सोडायचा. थरथरायला लागला की थांबा. नखं वाढलेली असतील तर आधी ती कापा, नाहीतर पंजा नीट टेकतच नाही. आणि ज्या पायाला जाणीव नाही तिथे गरम शेक देताना फार सांभाळा, भाजलं तरी तो ओरडणार नाही.

गाडीने आळशी होतो, याला काही आधार नाही. नीट मापाच्या गाडीत मागचे पंजे जमिनीला लागतील असं ठेवता येतं, आणि बरेच कुत्रे त्यात पाय टाकायचा प्रयत्न करतात. सुरुवातीला थोडाच वेळ ठेवा, आणि त्यातच झोपू देऊ नका.

राहिले 21 दिवस. हा आकडा कुठून आला कोण जाणे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोल वेदनाही गमावलेली 81 कुत्री होती. त्यांना कसून फिजिओथेरपी दिली, तेव्हा 48 कुत्री मेंदूच्या हुकुमाशिवाय, केवळ मज्जारज्जूच्या जोरावर का होईना, पावलं टाकू लागली. त्यातल्या बऱ्याच जणांना दोन महिन्यांहून जास्त लागले. ती चाल डगमगती असते, आणि सगळ्यांना जमली नाही हेही खरं. पण तीन आठवड्यांत हात टेकले असते तर कितींना जमली असती?

मजकुरात लघवीचा उल्लेखच नाही, याचं मला खरं आश्चर्य वाटतं. मागचे पाय गेलेल्या कुत्र्याचं मूत्राशय अनेकदा रिकामं होत नाही. अंथरूण ओलं दिसतं, घरचे म्हणतात ‘करतोय की’, आणि प्रत्यक्षात ते भरून ओसंडत असतं. तसंच राहिलं तर त्याचा स्नायू ताणून निकामी होतो, संसर्गही होतो. पोट दाबून ते रिकामं कसं करायचं हे व्हेट पाच मिनिटांत शिकवतात. कूस बदलायची तीही दर चार तासांनी, नाहीतर खुब्यावर जखमा होतात. गळती दिसत असेल किंवा सकाळपासून लघवीच झाली नसेल तर उद्याची वाट बघू नका, आजच न्या.