सुपरमॅनच्या वादात तारखांचा क्रम

गेले काही महिने पुण्यातल्या सुपरहिरोप्रेमी मंडळींच्या मोबाइलवर एक लांबलचक मराठी संदेश फिरतो आहे. फर्ग्युसन रस्त्यालगत चहा पिताना तो मला तीन वेगवेगळ्या मित्रांनी दाखवला आणि तिघांचाही त्यावर पूर्ण विश्वास बसलेला होता. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे : डीसी कॉमिक्सच्या पात्रांवरचे चित्रपटविश्व व्यवस्थित चालले होते, दिग्दर्शक जेम्स गन यांनी डीसी स्टुडिओजची सूत्रे हाती घेताच ते मोडून टाकले, सुपरमॅन साकारणाऱ्या हेन्री कॅव्हिलला घरी बसवले, पूर्ण झालेला ‘बॅटगर्ल’ चित्रपट गाडून टाकला आणि एवढे सगळे करून काढलेला नवा ‘सुपरमॅन’ आपटला. नव्या चित्रपटाचे संकलन धड नाही आणि पुढच्या योजना नुसत्या कागदावर आहेत, अशी आणखी दोन कलमे शेवटी जोडली आहेत.

मी कॅव्हिलच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. २०१३ साली त्याचा ‘मॅन ऑफ स्टील’ मी पहिल्या आठवड्यात दोनदा पाहिला होता आणि त्यातले पहिल्या उड्डाणाचे दृश्य आजही मला तितकेच आवडते. म्हणूनच या संदेशाचा मला त्रास होतो. त्यातल्या बहुतेक घटना खऱ्या आहेत, पण त्यांचा क्रम चुकवला आहे, आणि क्रम चुकला की दोष भलत्याच माणसाच्या माथी जातो.

पहिले आणि सर्वांत वजनदार कलम चालत्या विश्वाचे. या विश्वाला घवघवीत यश कधीच मिळाले नाही, असे कोणी म्हणत असेल तर तेही चूक आहे. २०१७ च्या ‘वंडर वुमन’ने जगभरात सुमारे ८२ कोटी डॉलर आणि २०१८ च्या ‘ॲक्वामॅन’ने सुमारे ११५ कोटी डॉलर मिळवले. पण ज्या दोन चित्रपटांवर या विश्वाचा सारा डोलारा उभा राहायचा होता, त्यांची गोष्ट वेगळी आहे. २०१६ च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ने एकूण सुमारे ८७ कोटी डॉलर मिळवले खरे, परंतु अमेरिकेत दुसऱ्या शनिवार-रविवारची कमाई पहिल्याच्या तुलनेत तब्बल ६९ टक्क्यांनी खाली आली, म्हणजे उत्सुकतेने गर्दी करणाऱ्या प्रेक्षकांनी बाहेर पडून इतरांना आग्रह केला नाही. त्यानंतर मे २०१७ मध्ये मुलीच्या मृत्यूमुळे ‘मॅन ऑफ स्टील’पासूनचे दिग्दर्शक झॅक स्नायडर ‘जस्टिस लीग’पासून दूर झाले, त्यांच्या जागी आलेले जॉस व्हेडन यांनी त्यात पुष्कळ पुनर्चित्रण केले, आणि सुमारे ३० कोटी डॉलर खर्चून तयार झालेल्या त्या दोन मनांच्या चित्रपटाला जगभरात ६६ कोटींच्या आसपासच पोहोचता आले. सगळे नायक एकत्र येणारा चित्रपट एकट्या ‘वंडर वुमन’पेक्षा कमी कमावतो, तेव्हा ते विश्व व्यवस्थित चालले आहे असे म्हणणे धाडसाचे ठरते. हे सारे घडले तेव्हा गन मार्व्हल या दुसऱ्या स्टुडिओसाठी ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’चे चित्रपट करत होते.

यावर स्नायडरप्रेमी मित्रांचे एक उत्तर असते आणि ते उडवून लावण्याजोगे नाही. ते म्हणतात, २०२३ मध्ये आलेले चार चित्रपट का पडले? जानेवारी २०२३ मध्येच गन यांनी नव्या सुरुवातीची घोषणा केली, त्यामुळे जे विश्व संपणारच आहे त्याचे तिकीट काढायचे कशाला, असे लोकांना वाटले. या युक्तिवादात तथ्य आहे. ‘शझॅम’चा दुसरा भाग १३ कोटी डॉलरवर थांबला, ‘ब्लू बीटल’चीही तीच गत झाली, वीस कोटींहून अधिक खर्चाचा ‘द फ्लॅश’ २७ कोटींवर अडकला आणि दुसरा ‘ॲक्वामॅन’ पहिल्याच्या निम्म्यालाही पोहोचला नाही. चारही चित्रपटांचे मुख्य चित्रीकरण गन येण्याआधीच आटोपले होते, पण घोषणेचा फटका त्यांना बसला नाही असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

मात्र या घोषणेची सावलीही ज्यावर पडली नव्हती असा एक चित्रपट आपल्यापुढे आहे, आणि माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल तिथेच लागतो. ‘ब्लॅक ॲडम’ २१ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. गन आणि निर्माते पीटर सॅफ्रन यांची डीसी स्टुडिओजचे प्रमुख म्हणून नेमणूक जाहीर झाली २५ ऑक्टोबरला आणि त्यांनी कामाला सुरुवात केली १ नोव्हेंबरला. म्हणजे नवी सुरुवात होणार याचा कोणालाही गंध नव्हता. ड्वेन जॉन्सनसारखा मोठा तारा नायक होता आणि अखेरच्या श्रेयनामावलीच्या मध्येच खुद्द कॅव्हिल सुपरमॅनच्या वेशात पडद्यावर येत होता, म्हणजे चाहते ज्याची वर्षानुवर्षे मागणी करत होते तेच त्यांना मिळाले होते. तरीही जगभरातील कमाई ३९ कोटी डॉलरच्या आसपास थांबली. निर्मितीचा खर्चच वीस कोटींच्या घरात होता आणि तिकिटाच्या पैशांतला साधारण निम्मा वाटा चित्रपटगृहांकडे राहतो. जाहिरातीचा खर्च त्यात मिळवला की हाती काय उरले असेल याचा हिशेब कोणालाही मांडता येईल. जुने विश्व पुढे नेण्याची ही सर्वांत अनुकूल संधी होती आणि ती गन यांच्या आगमनापूर्वीच वाया गेली होती.

आता कॅव्हिलविषयी. २४ ऑक्टोबर २०२२ रोजी त्याने चित्रफीत टाकून आपण परतल्याचे सांगितले आणि १४ डिसेंबरला आपण सुपरमॅन म्हणून परतणार नसल्याचे जाहीर केले. निर्णय गन आणि सॅफ्रन यांचाच होता, तो नाकारण्याचे कारण नाही. त्यांना तरुण वयातल्या सुपरमॅनची गोष्ट सांगायची होती. परंतु परतीची घोषणा करायला आपल्याला स्टुडिओने सांगितले होते आणि ते या दोघांच्या नेमणुकीआधीच घडले होते, हे खुद्द कॅव्हिलने आपल्या निवेदनात लिहिले आहे. वचन एकाने दिले आणि ते मोडण्याची वेळ दुसऱ्यावर आली. एका गुणी आणि सभ्य नटाची त्यात जी ओढाताण झाली ती मला आजही खुपते, पण त्या संतापाचा पत्ता तरी बरोबर असायला हवा.

‘बॅटगर्ल’च्या बाबतीत तर वादाला जागाच नाही. तो चित्रपट ऑगस्ट २०२२ मध्ये रद्द झाला. एप्रिल २०२२ मधल्या विलीनीकरणातून डीसीची तेव्हाची मालक वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी ही कंपनी उभी राहिली होती, तिचे प्रमुख होते डेव्हिड झॅस्लाव्ह, आणि सुमारे ९ कोटी डॉलर खर्चलेला, चित्रीकरण पूर्ण झालेला चित्रपट करसवलतीच्या हिशेबात बुडीत खाती टाकण्याचा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतला आहे. पुढे जानेवारी २०२३ मध्ये सॅफ्रन यांनी त्या निर्णयाची पाठराखण केली आणि तो चित्रपट प्रदर्शित करण्याजोगा नव्हता असे सांगितले, ते मला पटले नाही. ज्या कलाकारांनी आणि तंत्रज्ञांनी महिनोन् महिने राबून काम पूर्ण केले, त्यांची कृती एकाही प्रेक्षकाने पाहू नये, याला चित्रपटाच्या दर्जाचे कारण पुरेसे नाही. तरीही पाठराखण करणे आणि निर्णय घेणे यांत फरक आहेच.

नवा ‘सुपरमॅन’ आपटला, या विधानाची तपासणी आकड्यांनीच करावी लागेल. ११ जुलै २०२५ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचा निर्मितीखर्च साडेबावीस कोटी डॉलर होता आणि जगभरातील कमाई सुमारे ६१ कोटी ६० लाख डॉलर झाली. संदेशात ‘मॅन ऑफ स्टील’च्या ६७ कोटींशी तुलना करून पराभव सिद्ध केला आहे. ती बेरीज खरी आहे, आणि बारा वर्षांची महागाई धरली तर अंतर आणखी वाढते, हेही मान्य केले पाहिजे. पण याच बेरजेचे दोन भाग वेगळे केले की चित्र पालटते. अमेरिका आणि कॅनडात ‘मॅन ऑफ स्टील’ला २९ कोटी मिळाले होते, नव्या चित्रपटाला ३५ कोटींहून अधिक मिळाले. घट झाली ती बाहेरच्या देशांत, आणि तिथे सुपरहिरोपटांची ओढ सगळ्याच स्टुडिओंच्या बाबतीत ओसरली आहे. त्याच वर्षी मार्व्हलचे तीन चित्रपट आले; ‘फँटास्टिक फोर’ ५२ कोटींवर, ‘कॅप्टन अमेरिका’ ४१ कोटींवर आणि ‘थंडरबोल्ट्स’ ३८ कोटींवर थांबला. वर्षातला सर्वाधिक कमाई करणारा सुपरहिरोपट आपटला असे म्हणायचे असेल, तर आपटणे या शब्दाचा अर्थ आधी ठरवून घ्यावा लागेल. अफाट यश मात्र मीही म्हणणार नाही.

संकलनाचे कलम वाचताना मला वाईट वाटले, कारण तो गैरसमज माझ्या डोळ्यांदेखत जन्माला आला. भर पावसात आम्ही पाच-सहा जण कोथरूडमध्ये पहिल्या दिवशीचा रात्रीचा खेळ पाहायला गेलो होतो. सुपरमॅन आणि त्याची प्रेयसी लोइस जवळ येतात, पार्श्वसंगीत चढत जाते, आणि अचानक सूर मध्येच तुटून चित्र पुढच्या क्षणावर जाऊन पडते. शेजारी बसलेला मित्र ताबडतोब म्हणाला, “अरे, एडिटिंग गंडलंय यांचं.” प्रत्यक्षात भारतातल्या प्रतीतून चुंबनदृश्यांचा सुमारे ३३ सेकंदांचा भाग सेन्सॉर मंडळाने काढायला लावला होता. तेरा वर्षांवरील मुलांसाठीचे प्रमाणपत्र दिलेल्या त्याच चित्रपटात हाडे मोडणारी मारामारी आणि कोसळत्या इमारती राहिल्या, आणि प्रेमाचे काही क्षण गेले. गाण्याची तान मध्येच कापावी आणि बेसूर झाल्याचा ठपका गायकावर ठेवावा, तसे हे झाले आहे. दिग्दर्शकाच्या उणिवा दाखवायच्या तर त्या चित्रपटात सापडतील; मधला भाग पात्रांनी फार गजबजलेला आहे आणि खलनायक लेक्स ल्युथरच्या कारस्थानाचा धागा हातातून निसटतो, असे माझेही मत आहे. पण ज्या जागी कात्री दुसऱ्याने चालवली, ती जागा पुरावा म्हणून दाखवता येणार नाही.

दोन बॅटमॅन कशासाठी, असाही एक प्रश्न संदेशात मध्येच आला आहे. त्याचे उत्तर एका वाक्याचे आहे : रॉबर्ट पॅटिन्सनचा बॅटमॅन या विश्वाबाहेरच्या स्वतंत्र कथेतला आहे, हे जानेवारी २०२३ पासून जाहीर आहे.

राहिले योजनेचे कलम, आणि इथे मला संदेश लिहिणाऱ्याशी निम्मे सहमत व्हावे लागते. ३१ जानेवारी २०२३ रोजी पाच चित्रपट आणि पाच मालिकांची यादी वाचून दाखवली गेली. त्यातली ‘क्रीचर कमांडोज’ डिसेंबर २०२४ मध्ये आली, ‘सुपरमॅन’ आला, ‘सुपरगर्ल’ला २६ जून २०२६ ही तारीख मिळाली आणि ‘लँटर्न्स’चे चित्रीकरण झाले. याउलट ‘द ऑथॉरिटी’ मागे पडला, ‘वॉलर’ रखडली, आणि जो त्या यादीत नव्हताच तो ‘क्लेफेस’ पटकथा तयार असल्यामुळे पुढे सरकला. संहिता पूर्ण झाल्याशिवाय चित्रीकरणाला हात घालायचा नाही, असा गन यांचा नियम आहे आणि या उद्योगात तो दुर्मीळ आहे. ‘जस्टिस लीग’ची जी वाताहत आपण पाहिली ती ज्याला आठवते त्याला या नियमाचे मोल सांगायला नको, प्रदर्शनाची तारीख आधी आणि गोष्ट नंतर, या घाईतच ते विश्व खिळखिळे झाले होते. योजना कागदावर आहेत ही तक्रार म्हणूनच मला पूर्णपणे पटत नाही, कारण कागदावरचे काम पुरे होईपर्यंत त्या तिथेच राहायला हव्यात.

पण मग हाच नियम पाळायचा होता, तर ज्यांतल्या बहुतेकांचे लेखनच झाले नव्हते अशा दहा नावांची यादी त्या दिवशी जगापुढे ठेवायला नको होती. माझ्या ओळखीतल्या अनेकांनी ‘द ऑथॉरिटी’ येणार म्हणून त्याची जुनी कॉमिक्स मागवून वाचून काढली, आपापसांत पात्रनिवडीवर रात्री जागवल्या, आणि नंतर तो चित्रपट बाजूला पडल्याचे त्यांना कळले. ही चूक गन आणि सॅफ्रन यांची स्वतःची आहे, ती मागच्या कोणाच्या खात्यावर टाकता येत नाही, आणि त्या संदेशातले योजनांविषयीचे तेवढे एकच वाक्य मी जसेच्या तसे राहू देईन.