'नेत्याने अन्यायाचा नियम मोडला तर बिघडलं कुठे?' या मेसेजला माझं उत्तर

दहीहंडी जवळ आली की ठाण्यातल्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो, की गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला, बाबासाहेब महाडला तळ्याचं पाणी प्यायले, मग आपल्या नेत्याला पटत नसलेला नियम त्याने मोडला तर बिघडलं कुठे. या वेळी सख्ख्या मामेभावाने पाठवला म्हणून लिहितोय.

गांधीजींनी 1930 ला आधी व्हाइसरॉयला पत्र लिहून कळवलं, मग उघड मीठ उचललं आणि जेलमध्ये गेले. 1922 च्या खटल्यात तर गुन्हा कबूल करून कडक शिक्षा मागितली, सहा वर्षं मिळाली. आपले नेते आधी अटकपूर्व जामिनाचं बघतात, मग तुलना कशाला?

महाडचं तर अगदी उलटं आहे राव. तळं नगरपालिकेने आधीच सगळ्यांना खुलं केलं होतं, मार्च 1927 ला मोडली ती रूढी, कायदा नव्हे. डिसेंबरमध्ये हजारो लोक परत जमले तेव्हा कोर्टाचा मनाई हुकूम आला होता, लोक पेटलेले होते, तरी बाबासाहेबांनी त्यांना पाण्यापासून थांबवलं आणि केस लढले, 1937 ला हायकोर्टात जिंकले. दहा वर्षं, तीही पिण्याच्या पाण्यासाठी!

'मोडल्याशिवाय नियम बदलत नाही' हे पण खोटं. 2016 ला सुप्रीम कोर्टाने दहीहंडीच्या उंचीवर वीस फुटांची मर्यादा ठेवली तरी ठाण्यातल्या नौपाड्यात त्याच्या वर थर लागले. पण मर्यादा उठली ती 2017 ला हायकोर्टात, चौदा वर्षांखालच्या मुलांची बंदी ठेवून.

मलाही ती मर्यादा चुकीचीच वाटायची, मी पथकात तिसऱ्या थरावर असायचो. वरच्याच्या टाचा खांद्यात रुततात, मान वर होत नाही, पाणी डोळ्यात जातं, आणि स्टेजवरून नेता माईकवर ओरडत असतो, अजून एक थर, अजून एक. मोडायचं त्याने ठरवलं आणि हाडं आमची.

राहिला विवेकाचा मुद्दा, म्हणजे मनाला पटत नाही तो नियम नेत्याने का पाळावा. विवेक नेत्यालाही आहे, मान्य. पण आमदाराने संविधानाची शपथ घेतलीय, तो सभागृहात प्रश्न विचारू शकतो, विधेयक आणू शकतो, आमच्याकडे यातलं काहीच नाही. तरीही मोडायचंच असेल तर पोलीस आल्यावर पुढे येऊन सांगावं, पोरांना सोडा, मी सांगितलं म्हणून चढली. आमच्या पथकातल्या एकावर गुन्हा दाखल झाला, पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला तो अडकला, चार चकरा मारल्या बिचाऱ्याने, आणि ज्याच्या हंडीसाठी चढला त्याच्या ऑफिसात फोनही कोणी उचलला नाही.