साडेतीन एकर गवताचा बागायतदार

आयुष्यात मी आप्पांशी ट्रॅक्टरवर गंभीरपणे दोनदाच बोललोय. पहिल्यांदा बारावीच्या सुट्टीत, ट्रॅक्टर माझ्याच्याने होणार नाही, मी इंजिनिअरिंगला जातो, हे सांगायला. दुसऱ्यांदा थेट पंचवीस वर्षांनी, पेनसिल्व्हेनियातनं व्हिडिओ कॉल लावून, की आप्पा, ट्रॅक्टर घ्यायचाय, कितीचा घेऊ?

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं नेट गेलं. मग आवाज आला, "नोकरी गेली काय रं?"

नोकरी होती. झालं असं होतं की घर बघायला गेलो तेव्हा एजंट बाई सहज म्हणाली साडेतीन एकर आहे, आणि माझ्यातला कोरेगाव तालुका एकदम जागा झाला. भावकीत वाटण्या होऊन होऊन आप्पांच्या वाट्याला आलं पाच एकर, ऊस आणि आलं, आणि इथे नुसत्या सह्या केल्या की साडेतीन! एकर दोन्हीकडे सेमच, ४३,५६० चौरस फूट, म्हणजे आपले ४० गुंठे, इंग्रजांनी आपल्याला आणि यांना एकच माप लावून दिलंय. फरक एवढाच की तिथे माणूस ४० गुंठ्यांवर पोरं शिकवतो आणि इथे ४० गुंठ्यांवर गवत वाढवतो, ते कापतो, आणि मग परत वाढावं म्हणून त्याला खत टाकतो.

घराबरोबर आधीच्या मालकाची बसून चालवायची मोवर, म्हणजे गवत कापायची गाडी, फुकट मिळाली होती. फुकट का मिळाली ते पहिल्याच मे महिन्यात कळलं. सपाटीवर ठीक चालायची पण मागच्या उतारावर गेली की चाक फिरतंय आणि गाडी तिथेच, आणि प्रत्येक शनिवारी चार तास. त्यात खडीचा ड्राइव्हवे चारशे फूट, पाऊस झाला की खडी खाली रस्त्यावर आणि बर्फ पडला की मी फावडं घेऊन. दोन हिवाळे फावडं मारल्यावर कमरेनेच ठरवलं की ट्रॅक्टर घ्यायचा.

आता घ्यायचा म्हणजे काय, दुकानात जायचं आणि घ्यायचा, असं मला वाटलं होतं. इथे ट्रॅक्टरमध्ये सब-कॉम्पॅक्ट, मग कॉम्पॅक्ट, मग युटिलिटी, आणि कॉम्पॅक्टमध्ये परत लहान अंगाचा, मध्यम अंगाचा, थोराड. सेल्समनने पहिला प्रश्न विचारला, किती एकर? साडेतीन. तो म्हणाला मग हा तेवीस-चोवीस एचपीचा भरपूर झाला, पण (या 'पण'वर इथल्या सगळ्या सेल्समनची पोरं कॉलेजात शिकतात) उद्या तुम्हाला अजून काही करावंसं वाटलं तर? अजून काही म्हणजे काय ते त्यानेही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, पण मी मान हलवली आणि आम्ही पुढच्या ट्रॅक्टरकडे गेलो. त्याच्यापुढे अजून एक. अर्ध्या तासात मी चाळीस एचपीच्या केबिनमध्ये एसी लावून बसलो होतो आणि खालून तो ८४ महिन्यांचा हप्ता सांगत होता.

घरी येऊन एक्सेल काढली. चौदा मॉडेल, तेवीस कॉलम. बायको म्हणाली, लग्नाच्या वेळी स्थळांची एवढी चौकशी केली असतीस तर आपलं लग्नच झालं नसतं.

पण त्या एक्सेलमुळे दोन-चार गोष्टी डोक्यात शिरल्या. एक म्हणजे बॉनेटवर जो एचपीचा आकडा असतो तो इंजिनचा. मागे पीटीओला, म्हणजे ज्याच्यावर मोवर, रोटाव्हेटर वगैरे फिरतं तिथे, त्यातले चार-सहा कमीच पोचतात. सीटीसी आणि हातात पडणारा पगार, तसंच. पुढच्या लोडरचंही, म्हणजे माती-खडी उचलायच्या बादलीचंही, तेच. कागदावर सातशे-आठशे पौंड उचलतो म्हणतात ते बादली ज्या पिनांवर अडकवलीय तिथे मोजलेलं, आपली खडी असते बादलीत, त्याच्या पुढे, तिथे वजन बरंच उतरतं. हा सुपर बिल्टअप आणि कार्पेटचा प्रकार आहे, पुण्यात फ्लॅट बघितलेला माणूस इथे फसू नये खरंतर, पण मी फसता फसता राहिलो.

आणि तिसरी गंमत, यादीत निम्मे ट्रॅक्टर २४ पॉइंट काहीतरी एचपीचे. २४.२, २४.५, २४.८. मला कळेना पंचवीसचं वावडं का. तर इथल्या सरकारचा धुराचा नियम १९ किलोवॅटला बदलतो, म्हणजे साधारण २५ एचपी, आणि त्याच्या वर गेलं की डिझेल इंजिनाला बहुतेक वेळा काजळी पकडणारा फिल्टर लावावा लागतो, त्याचा खर्च, तो मधूनमधून जाळून साफ करायची भानगड. म्हणून कंपन्या अलीकडेच थांबतात. चपलेची किंमत ४९९.९५ ठेवायची बाटाची जुनी विद्या इथे ट्रॅक्टरला लावलीय. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी ते गणपतीच्या कार्यक्रमात तीन लोकांना सांगितलं. तिघंही कोशिंबीर आणायला गेले ते परत आले नाहीत. चौथा मात्र थांबला, त्याच्याकडे पाऊण एकर आणि बॅकहो, म्हणजे मागे खणायचा पंजा, लावलेला ट्रॅक्टर आहे, आणि तो मला बराच वेळ समजावत होता की बॅकहो नसेल तर ट्रॅक्टर घेण्यात अर्थच नाही. विचारलं, तू काय खणतोस? म्हणाला, अजून काही नाही.

पुढच्या मे महिन्यात आप्पा आणि आई आले. मी अजून एक्सेलमध्येच होतो, कॉलम एकतीस झाले होते.

सकाळी आप्पा चहाचा कप घेऊन मागच्या डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावर, उभे राहिले. सगळीकडे बघितलं. हिरवंगार, गुडघ्याला लागायला आलेलं.

"ह्ये सगळं गवात?"

"हो."

"कापून कुणाला घालतूस?"

"कुणाला नाही. तिथेच पडतं."

"जनावर न्हाय?"

"नाही."

आप्पांनी चहा संपवला. "मंग दोन म्हशी घे की. ट्रॅक्टरच्या निम्म्यात येतील, आन् गवात कापायचं बी काम न्हाय." मी टाउनशिपचे नियम, थंडी, दूध कोण काढणार वगैरे सांगायला लागलो तर ते कधीच पायऱ्या उतरून रानात, म्हणजे लॉनमध्ये, गेले होते.

त्या रविवारी त्यांना लँकेस्टर काउंटीला घेऊन गेलो, आमच्यापासून तासाभरावर. तिथे आमिश लोकांची, म्हणजे जुन्या पद्धतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची, शेती आहे, जुन्या वळणाचे आमिश शेतात ट्रॅक्टर घालत नाहीत, खेचरं आणि मोठाले घोडे औताला. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली तर एक दाढीवाला माणूस सहा खेचरं एका ओळीत जुंपून रान तयार करत होता. आप्पा कुंपणाला टेकून वीस मिनिटं बघत होते. मी म्हणालो चला, तर म्हणाले थांब, कडंचं कसं वळवतोय ते बघू दे. अमेरिकेत येऊन स्वातंत्र्यदेवीसमोर जो माणूस तीन मिनिटं थांबला नाही तो इथे हलेना. परत येताना गाडीत म्हणाले, "ह्यास्नी कुणी यडं म्हणत न्हाय न्हवं? मंग आपल्याकडं बैल इकायची एवढी घाई कशापायी झाली?" याला माझ्याकडे कॉलम नव्हता.

मग त्यांना घेऊन डीलरकडे. आप्पांनी आत शिरल्या शिरल्या लाल रंग हेरला. महिंद्राची ओळच्या ओळ उभी. "आरं ही आपल्या कांदिवलीची!" म्हणून ते एकेकाच्या बॉनेटवर हात फिरवत गेले, जसं लग्नात लांबचा भाचा भेटतो तसं. मी माहिती दिली की महिंद्राची इथली कंपनी १९९४ पासून आहे, ऑफिस टेक्सासात ह्यूस्टनला. आप्पा म्हणाले, "तू त्याच्या बी पाच-सहा वर्सं मागनं आलास म्हणायचं."

सेल्समन आला. किती एकर, पण उद्या तुम्हाला, वगैरे चालू झालं आणि आम्ही हळूहळू मोठ्या ट्रॅक्टरांच्या दिशेने सरकायला लागलो. मी भाषांतर करत होतो. पस्तीस एचपीच्या एका धिप्पाड ट्रॅक्टरजवळ आप्पांनी मागच्या चाकाला पायाने ठोकलं आणि मला विचारलं, "ह्येचं वजन किती?" दीड टनाच्या पुढे, लोडर धरून अजून जास्त. "आन् तुमची संडासाची टाकी कुठं हाय?"

मी बघतच राहिलो. एकतीस कॉलममध्ये हा नव्हता. आमच्याकडे गावची गटारलाइन नाही, सेप्टिक टँक आहे, आणि टाकीतलं पाणी मुरायला मागच्या लॉनखाली भोकं पाडलेल्या पाइपांचं जाळं पसरलंय, घर घेताना इन्स्पेक्टरने बजावलं होतं की त्याच्यावर जड वाहन घालू नका, माती दबली की पाणी मुरायचं बंद. ते जाळं बरोबर तिथे, जिथून उताराकडे जायची एकच वाट आहे. गावात एकाची उसाची ट्रॉली शेजाऱ्याच्या टाकीत अशी गेली होती की ऊस पुढे कारखान्याला घालायचा की नाही यावर पंचायत बसली, ती गोष्ट आप्पांनी सांगितली, मी भाषांतर केली, सेल्समन हसला आणि आम्ही सगळे उलट पावली लहान ट्रॅक्टरांकडे चालू लागलो.

त्यातही सेल्समन ६० इंची मोवर डेक, म्हणजे ट्रॅक्टरच्या पोटाखाली गवत कापायच्या पात्यांची पेटी, लावून देत होता, म्हणाला वेळ वाचेल. आप्पांनी घरी आल्यावर काठीने आमच्या भाजीच्या कुंपणाचं फाटक मोजलं. (हरणांसाठी कुंपण आहे, हरणांना माझी मेथी फार आवडते.) फाटक पाच फूट. म्हणजे ६० इंच. मी म्हटलं बरोबर बसतोय की! आप्पा नुसते माझ्याकडे बघत राहिले. शिवाय डेकला उजव्या अंगाला गवत बाहेर फेकायचं तोंड असतं, ते वर अजून वीतभर बाहेर. ५४ इंचीवर ठरलं, आणि फाटक मोठं करायचंही ठरलं.

टायरवरनं मात्र आमचं वाजलं. आप्पांना खोल नक्षीचे शेतीचेच टायर हवे होते, ते लॉनची वाट लावतात म्हणून मी मधले घेतले. मागच्या चाकात वजनासाठी काहीतरी भरतात हे आप्पांना माहीत होतं, आपल्याकडे पाणी भरतात. इथे पाण्याचा हिवाळ्यात बर्फ होतो म्हणून बिटाचा रस भरतात, गोठत नाही आणि रिमला गंज चढत नाही. हे सांगितल्यावर आप्पा आईला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का, ह्येंच्यात चाकाला बिटाचा रस पाजत्यात आन् तुझा ल्योक बिटाची भाजी टाकून उठायचा."

ट्रॅक्टर आला. चोवीसच्या आतला, फोर व्हील ड्राइव्ह, पुढे लोडर. आईने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, शेजारी लांबून हात हलवत होता. पहिली फेरी अर्थातच आप्पांची. गिअर शोधत होते, तर गिअर नाही, दोन पेडल, एक दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे. "ह्यो ट्रॅक्टर हाय का शिलाई मशीन?" पण चालवला झकास, मोवर चालू करून एक सरळ पट्टा मारला, आणि मग सवयीने इंजिन चालू ठेवून खाली उतरले, वाटेतली फांदी उचलायला. खटकन बंद. परत चढले, चालू केला, उतरले, परत बंद. सीटखाली स्विच असतो, पीटीओ चालू असताना माणूस उठला की इंजिन बंद. आप्पांनी चौथ्यांदा सीटवर खडीची पिशवी ठेवून बघायचं म्हटलं तेव्हा मी पळत गेलो.

नंतर माझी पाळी. मी शिस्तीत पट्टा लावला, अर्धा एकर कापला, घाम पुसला आणि ट्रॅक्टर गॅरेजात लावायला निघालो. लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती, लोडरची बादली धरून मोजली होती. उलटला तर डोकं वाचावं म्हणून सीटमागे जी लोखंडी कमान असते ती मोजली नव्हती. गॅरेजचं दार सात फूट. कमान सात फूट आणि वर थोडी, तेवढीच थोडी, जेवढी दाराच्या वरची लाकडी पट्टी उखडून हातात यायला लागते. कमान घडी होते, दोन पिना काढल्या की झालं, हे मला माहीत होतं, बाविसाव्या कॉलममध्ये लिहिलंही होतं.

आप्पा डेकवरनं बघत होते. काही बोलले नाहीत, आत गेले. मला बरं वाटलं. मग खिडकीतनं आवाज आला, गावाकडे व्हिडिओ कॉल लागला होता, चुलत्यांना.

"व्हय व्हय, घेतला, नवा. चोवीसचा. रान? साडेतीन एकर, सपाट न्हाय, उताराचं. पाण्याला काय तोटा न्हाय, वरनंच पडतंय."

चुलत्यांनी बहुतेक पीक विचारलं असावं, कारण आप्पा जरा थांबले.

"खोडवाच म्हणायचा. कापला की परत येतोय, परत कापला की परत येतोय. न्हाय, कारखान्याला घालत न्हायत... आरं न्हाय रं, वैरणीला बी न्हाय. तू फोन ठेव, मला त्या पोराला पट्टी ठोकू लागायचीय."